बावीस हजारांचा सिंबा

आत्याचा साठावा वाढदिवस होता. ऑगस्ट महिना, बडोद्यात सकाळपासून पाऊस. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात औक्षण झालं, आईनं केलेल्या बासुंदीच्या वाट्या फिरल्या आणि मी आतल्या खोलीतून एक चपटं खोकं आणून आत्याच्या मांडीवर ठेवलं.

तिनं कागद न फाडता सेलोटेप सोडवली. ती तशीच आहे. आत काळ्या फ्रेममध्ये ‘द लायन किंग’मधला छोटा सिंबा, खडकावर उभा, मान वर केलेला. खाली सोनेरी शिक्का. सोबत इंग्रजीतलं सर्टिफिकेट.

“अगं बाई, केवढ्याला आणलंस हे?” आईनं लगेच विचारलं.

“आई, भेटवस्तूची किंमत विचारतात का?” मी म्हटलं. किंमत होती २२,००० रुपये. सहा महिने ऑफिसव्यतिरिक्त रात्री जागून केलेल्या कामाचे पैसे.

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. फ्रेम ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. मग फ्रेम उलटी केली. मागं तपकिरी कागद चिकटवून सगळं बंद केलेलं होतं.

“हा कागद काढता येईल का गं?”

“नको नको. फ्रेम उघडली तर सर्टिफिकेट रद्द होतं, असं विकणाऱ्यानं सांगितलंय.”

“बरं,” आत्या म्हणाली. “छान आहे हो.”

आत्याचं ‘छान आहे’ आणि ‘छान आहे हो’ यांत फरक असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मीठ विसरलेल्या आमटीलाही ती ‘छान आहे हो’च म्हणते.

भेट सिंबाचीच का?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की, आत्या मुंबईला असताना ‘कार्टूनमध्ये रंग भरायची’. १९८६ ते १९९७ अशी अकरा वर्षं ती जाहिरातींचे अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत होती. तिच्या खात्याला ‘ट्रेस अँड पेंट’ म्हणत. स्टुडिओनं ते काम बंद केल्यावर ती बडोद्याला आली आणि मुलांचे चित्रकलेचे क्लास घेऊ लागली. त्या अकरा वर्षांबद्दल ती फारसं बोलायची नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा जुना चित्रपट थिएटरमध्ये पुन्हा लागला. हा चित्रपट भारत आणि जपान यांनी मिळून केलेला. दिग्दर्शकांत युगो साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर आपले राम मोहन होते. मी आत्याला घेऊन गेले. सगळे कथेत रमलेले असताना ती माझ्या कानाशी कुजबुजत होती, “त्या मुकुटाला चार पिवळे लागले असणार. उजेडातला वेगळा, सावलीतला वेगळा.” थोड्या वेळानं पुन्हा, “हे पाणी रंगवणारीचे काय हाल झाले असतील!”

मध्यंतरात पॉपकॉर्न खाताना तिनं मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं.

सेल म्हणजे दुकानातला सेल नव्हे. सेल्युलॉइडवरून आलेला शब्द. पूर्वी तो कागद सेल्युलॉइडचा असायचा, तो भसकन पेट घेई. नंतर अ‍ॅसिटेटचे पारदर्शक कागद आले, पण नाव तेच राहिलं. अ‍ॅनिमेटर कागदावर पेन्सिलीनं चित्र काढणार. ते चित्र खाली ठेवून ट्रेस करणारी पारदर्शक सेलवर शाईनं रेषा ओढणार. मग सेल उलटा करून मागच्या बाजूनं रंग भरायचे, म्हणजे पुढून रेषा स्वच्छ दिसते. रंगवलेला सेल पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवून वरून कॅमेऱ्यानं फोटो. सिनेमात सेकंदाला २४ फोटो लागतात. एक चित्र दोनदा टिपलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे मिनिटाला ७२०. दोन पात्रं वेगवेगळ्या सेलवर असतील तर त्याच्या दुप्पट.

“बोटाचा घाम लागू नये म्हणून पांढरे हातमोजे घालायचो,” ती म्हणाली. “पण ब्रश धरायला बोटं मोकळी हवीत, म्हणून अंगठा आणि दोन बोटं कापून टाकलेली.”

“मग तुझ्याकडे तुझा एखादा सेल आहे?”

“काय असणार? शूटिंग झालं की काम संपलं. चांगले सेल धुऊन परत वापरायचे. बाकीचे पोत्यात भरून भंगारवाल्याला, किलोवर.”

अकरा वर्षांत तिच्या हातून हजारो सेल गेले आणि तिच्या घरी एकही नाही! त्या रात्री झोपताना मी ठरवलं, साठाव्या वाढदिवसाला आत्याला एक खरा सेल द्यायचा. आणि द्यायचाच तर सगळ्यांना ओळखता येईल अशा चित्रपटाचा.

शोध घेता घेता सोशल मीडियावरच्या एका विक्रेत्याकडे मला हा सिंबा सापडला. वर्णनात लिहिलं होतं : ‘ओरिजिनल, हँड-पेंटेड, प्रॉडक्शन सेल. रेअर. सर्टिफिकेटसह.’ मी कंटेंट रायटर आहे. साड्या, मसाले, गाद्या, सगळ्यांची वर्णनं लिहिते. ‘ओरिजिनल’, ‘हँडक्राफ्टेड’, ‘रेअर’ हे शब्द मी स्वतः दिवसाला दहा वेळा टाइप करते आणि त्यांना काय वजन असतं हे मला चांगलं माहीत आहे. तरीही मी ते वाचून भुलले.

“हा सिनेमा कधीचा?”

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई-बाबा झोपल्यावर आत्यानं मला हाक मारली. शोकेसवरचा सिंबा तिनं जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला होता.

“बाळा, रागावणार नसशील तर एक विचारू? हा सिनेमा कधीचा?”

“१९९४ चा.”

“तो कॉम्प्युटरवर रंगवलेला ना?”

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला हे कसं माहीत?

“आमच्या स्टुडिओत तेव्हा रोज तीच चर्चा,” ती म्हणाली. “डिस्नेनं म्हणे सेल बंद केले. आता आपली पाळी कधी, म्हणून आम्ही बायका डबे खाताना बोलायचो. तीनच वर्षांत आली.”

मी फोन काढून तिथंच वाचलं. डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांपैकी हातानं रंगवलेल्या सेलवर केलेला शेवटचा चित्रपट म्हणजे १९८९ चा ‘द लिटल मर्मेड’. १९९० च्या ‘द रेस्क्युअर्स डाउन अंडर’पासून पेन्सिलचं चित्र स्कॅन करून रंग कॉम्प्युटरवर भरायला लागले. ‘ब्युटी अँड द बीस्ट’, ‘अलादीन’, ‘द लायन किंग’ हे सगळे त्यानंतरचे. म्हणजे ‘लायन किंग’चा प्रॉडक्शन सेल दुर्मीळ आहे असं नव्हे. तो मुळात झालेलाच नाही.

आत्यानं बाबांची दाढीची ब्लेड घेऊन मागचा तपकिरी कागद कापला. सर्टिफिकेट रद्द झालं तर होऊ दे, असं आता मलाही वाटत होतं. तिनं सेल कडेनं धरून उलटा केला आणि माझ्यासमोर ठेवला.

“हे बघ. रंग कसा सगळीकडे सारखा आहे, गिलावा केल्यासारखा. कुठं ब्रश फिरलेला दिसतोय? कुठं एक रंग दुसऱ्यावर चढलाय? आपण मागून रंगवतो तेव्हा मागची बाजू ओबडधोबड असते. इथं सगळं रेषेला रेष जुळलेलं. हे रंगवलेलं नाही गं. छापलेलं आहे.”

मग मी सर्टिफिकेट काढलं. फ्रेमबरोबर आलं तेव्हा मी फक्त त्यावरचा सोनेरी शिक्का पाहिला होता. आता मजकूर वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं : सेरीसेल. सिल्कस्क्रीन पद्धतीनं, म्हणजे टी-शर्टवर चित्र छापतात तशा जाळीच्या छपाईनं, सेलच्या कागदावर उमटवलेलं चित्र. एका आवृत्तीत शेकडो, कधी हजारो प्रती. इंग्रजीत बीए केलेल्या मुलीनं २२,००० रुपये देताना इंग्रजीतला अर्ध्या पानाचा कागद वाचला नव्हता.

म्हणजे सिंबा नकली नव्हता. तो अधिकृतच होता आणि त्याचं सर्टिफिकेटही खरं बोलत होतं. त्याला विक्रेत्यानं दिलेलं नाव तेवढं खोटं होतं.

मला रडू आलं. पैशांसाठी आलंच. पण जास्त वाईट याचं वाटलं की, मी आत्याला भेट दिली ती नेमकी त्या चित्रपटाची, ज्याच्या पद्धतीनं तिचं टेबल बंद झालं होतं.

आत्यानं मात्र डोळे पुसायला पदर पुढं केला आणि म्हणाली, “चहा टाक. मग बघायचं कसं ते शिकवते.”

आधी उलटून बघ

पुढचे दोन महिने रविवारी दुपारी आमची शिकवणी चालली. लिलावांच्या जुन्या याद्या, विक्रीला असलेल्या सेलचे फोटो मी फोनवर मोठे करून दाखवायचे आणि ती चष्मा वर करून निकाल द्यायची. तिचं हाताचं ज्ञान आणि माझं वाचन जोडून जे जमलं, ते इथं सांगते. तुमच्यापैकी कुणाला असं काही घ्यायचं असेल तर कामी येईल.

पहिली गोष्ट, मागची बाजू. विकणाऱ्याकडे फ्रेमबाहेर काढलेल्या सेलचा पुढून आणि मागून असे दोन्ही फोटो मागायचे. हातानं रंगवलेल्या सेलच्या मागं रंगाचे थर, ब्रशचे फराटे, एकावर एक आलेले रंग दिसतात. फ्रेम उघडायची नाही, असं कुणी सांगितलं तर तिथंच थांबायचं.

दुसरी, आकडे आणि भोकं. कॅमेऱ्याखाली जाणाऱ्या सेलवर सहसा कोपऱ्यात क्रमांक असतो, ए-७ किंवा डी-४७ असा. सेल हलू नयेत म्हणून ते खुंट्यांवर अडकवतात, त्यासाठी कडेला भोकं असतात. बऱ्याच स्टुडिओंत मधे गोल आणि दोन्ही बाजूंना लांबट चपटी, अशी तीन. काही वेळा फ्रेमसाठी कडा कापलेल्या असतात, त्यामुळे भोकं नसली म्हणजे माल खोटाच असं नाही.  आणि क्रमांकात तिरकी रेघ असेल, म्हणजे ५०० पैकी १२ वी प्रत अशा अर्थाचा आकडा असेल, तर ती विक्रीसाठी काढलेली मर्यादित आवृत्ती. तीही सुंदर असते, हातानं रंगवलेलीही असू शकते. पण चित्रपटात ती नव्हती.

तिसरी, रेषा. आधी सेलवरच्या रेषा बोरूसारख्या टाकानं, शाईत बुडवून ओढत. डिस्नेत हे काम मुख्यतः बायका करत. ती रेषा कुठं जाड, कुठं केसासारखी बारीक आणि पुष्कळदा रंगीत असते. मग झेरॉक्सचं तंत्र आलं आणि अ‍ॅनिमेटरची पेन्सिलरेषाच थेट सेलवर उमटू लागली. १९६१ चा ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’ हा या तंत्राचा गाजलेला चित्रपट. तिची रेषा थोडी खरखरीत दिसते. त्यामुळे १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’चा म्हणून दाखवलेल्या सेलवर झेरॉक्सची रेषा असेल तर तो त्या काळचा असूच शकत नाही.

चौथी, साल. आत्यानं मला विचारलेला पहिला प्रश्न तोच होता. चित्रपट कधीचा आणि त्या स्टुडिओनं सेल कधी सोडले? सगळ्यांनी एकदम सोडले नाहीत. ‘द सिम्प्सन्स’ ही मालिका २००२ पर्यंत सेलवर चालली. जपानची ‘साझाए-सान’ तर २०१३ पर्यंत. डिस्नेचीच ‘डकटेल्स’ ही मालिका सेलवरची. ‘लायन किंग’चं खरोखर चित्रपटासाठी वापरलेलं काही हवं असेल तर ते पेन्सिलीचं चित्र असू शकतं, कारण ती चित्रं कागदावर हातानंच काढली होती. मोठ्या लिलावांसाठी नंतर मुद्दाम रंगवून घेतलेले एकेकच प्रतीचे सेलही आहेत आणि ते महाग असतात. पण तेही कॅमेऱ्याखाली गेलेले नाहीत.

पाचवी, चित्रात काय आहे. पात्र पूर्ण दिसतंय की अर्धं? चेहरा समोर आहे? डोळे उघडे आहेत? प्रसंग लोकांच्या लक्षात राहिलेला आहे? त्याच दृश्याची मूळ पार्श्वभूमी सोबत आहे का? यावर किंमत ठरते. खरे असून स्वस्त असे सेलही पुष्कळ असतात. नुसता हात, नुसतं तोंड. बोलताना फक्त ओठ हलवायचे असतील तर तेवढेच वेगळ्या सेलवर रंगवतात. माझ्यासारख्या नवख्याला तो कचरा वाटतो. आत्याला मात्र असा एक तरंगणारा हात दिसला की ती खूश. “हे कोण कशाला खोटं करेल?” ती म्हणते.

आणि सहावी, जुनी लेबलं. ‘स्नो व्हाइट’ आल्यावर १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्वाझिए गॅलरीनं डिस्नेचे सेल विकायला घेतले. कधी लाकडाच्या पातळ पत्र्यावर, कधी साध्या पार्श्वभूमीवर लावून, मागं छापील लेबल चिकटवून. पुढं १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडल्यावर तिथल्या आर्ट कॉर्नर दुकानात पर्यटकांना आठवण म्हणून सेल मिळायचे, अगदी थोडक्या पैशांत. त्यांच्याही मागं शिक्का असे. आज ही लेबलंच मोठा पुरावा ठरतात. म्हणून जुनी फ्रेम बदलताना मागचा पुठ्ठा टाकून द्यायचा नाही.

वासाचंही एक आहे. अ‍ॅसिटेट खराब व्हायला लागला की त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. आपल्याकडची उष्णता आणि पावसाळी दमट हवा त्याची वैरीच. ऊन लागणारी भिंत नको, स्वयंपाकघर नको, माळा तर नकोच. आणि कागद मागं चिकटला असेल तर ओढायचा नाही, कागदाबरोबर रंग निघून येतो.

माझी वर्णनं लिहायची पाळी

मधल्या काळात मी विक्रेत्याला मेसेज केला होता. त्याचं उत्तर आलं : ‘ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल कंपनीचा प्रॉडक्ट, मॅडम.’ मी पुढचं विचारायच्या आत त्यानं मला ब्लॉक केलं. तक्रार करून पाहिली, पैसे आले नाहीत.

मग सप्टेंबरमध्ये एक दिवस माझ्या इन्स्टाग्रामवरचा वाढदिवसाचा फोटो पाहून बंगळुरूच्या एका मुलानं विचारलं, ‘हा प्रॉडक्शन सेल आहे का? विकणार असाल तर १८,००० देतो.’

रात्री जेवताना मी ही गोष्ट काढली. बाबा म्हणाले, “देऊन टाक. तुला विकणाऱ्यानं जे सांगितलं तेच तू सांग. तू कुठं पदरचं खोटं घालतेयस?”

“आणि उद्या त्यानं उघडून पाहिलं तर?” आई म्हणाली.

“आपल्याला तरी कुठं कळलं होतं? ताईनं सांगितलं म्हणून कळलं.”

आत्या काही बोलली नाही. तिनं ताटातला भात कालवला आणि म्हणाली, “तिचं ती बघेल. तिच्या कष्टाचे पैसे गेलेत.”

खोलीत जाऊन मी फोन उघडला. ‘हो’ एवढंच लिहायचं होतं. एक अक्षर. खोटं वाटू नये असंही लिहिता आलं असतं, ते तर माझं रोजचं काम. ‘विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार प्रॉडक्शन सेल, सर्टिफिकेटसह.’ यात एकही शब्द खोटा नाही. मी ते टाइपसुद्धा केलं. वाचलं. अगदी व्यवस्थित वाक्य होतं. आणि मला कळलं की मला फसवणारं वर्णनही माझ्यासारख्याच कुणीतरी असंच, व्यवस्थित लिहिलं असेल.

मी ते पुसलं आणि लिहिलं : ‘हा सेरीसेल आहे. छापील आवृत्ती, हातानं रंगवलेला नाही, चित्रपटात वापरलेला नाही. मी फसून घेतला. फ्रेम मागून उघडलेली आहे. मागच्या बाजूचे फोटो पाठवते.’

तासाभरानं उत्तर आलं, ‘सांगितल्याबद्दल थँक्स. भाचीच्या खोलीत लावायला चालेल. ७,००० ला द्याल?’

दिला. पंधरा हजारांचा खड्डा तसाच राहिला. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, “ताई, हिला निदान घासाघीस करायला तरी शिकव.” तेव्हा समजलं की राग गेला.

मिटलेल्या डोळ्यांचा मोगली

त्या सात हजारांत आणखी थोडे घालून आम्ही दोघींनी मिळून एक सेल घ्यायचं ठरवलं. यावेळी निवड आत्याची. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारी ‘जंगल बुक’ मालिका आठवते? मोगली, बगीरा, शेरखान? ती जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन स्टुडिओनं १९८९ मध्ये केलेली, सेलवरची. स्टुडिओला सुट्टी असलेल्या रविवारी आत्या मुंबईच्या खोलीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर ती बघायची. “मुलं गोष्ट बघायची, मी त्या काळ्या पँथरच्या अंगावर सावली कशी धरलीय ते बघायचे,” ती म्हणाली.

जुने सेल विकणाऱ्या जपानमधल्या एका दुकानाच्या साइटवर आम्ही तीन आठवडे शोधत होतो. उघड्या डोळ्यांचा, हसणारा मोगली आमच्या ऐपतीबाहेरचा होता. मग एक सापडला. छातीपर्यंतचा मोगली, केस कपाळावर आलेले, डोळे मिटलेले. म्हणूनच स्वस्त. दुकानानं मागचा फोटो न मागता दिला होता. कोपऱ्यात क्रमांक ए-१२. कडेला भोकं. मागं पेन्सिलीचं मूळ चित्र चिकटलेलं. टपाल आणि कस्टम ड्युटी धरून नऊ हजारांच्या आत आला.

दिवाळीनंतर पार्सल आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे प्लॅस्टिकच्या पिशवीत. आत्यानं उघडण्याआधी हात धुतले, कोरडे केले, मग कपाटातून सुती हातमोजे काढले. नवे, बोटं न कापलेले.

पेन्सिलीचं चित्र वरच्या एका कोपऱ्याला सुटं होतं. तिनं ते जेमतेम उचलून आत डोकावून पाहिलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं. पुन्हा ‘छान आहे हो’ ऐकायची माझी तयारी नव्हती.

“हे बघ,” तिनं मला जवळ बोलावलं. केसांचा काळा रंग कानाच्या कडेनं थोडासा रेषेबाहेर गेला होता. पुढून ते मुळीच दिसत नव्हतं. “घाईत होती. संध्याकाळपर्यंत ढीग संपवायचा असेल.”

“डोळे मिटलेलेच मिळाले पण,” मी म्हटलं.

“पापणी मिटल्याशिवाय उघडेल कशी? तेही कुणीतरी रंगवावंच लागतं. आणि उघड्या डोळ्यांना लागतो तेवढाच वेळ याला लागतो.”

तिनं चित्र हळूच खाली सोडलं आणि मागं चिकटलेलं जसंच्या तसं राहू दिलं. फ्रेम आम्ही इथल्याच एका फ्रेमवाल्याकडून करून घेतली. काच सेलला टेकणार नाही अशी पट्टी मधे घालून आणि मागचा पुठ्ठा दोन स्क्रूंवर, म्हणजे कधीही उघडता येईल. फ्रेमवाला म्हणाला, “बेन, मागून तर कोणी बघत नाही.” आत्या म्हणाली, “आमच्याकडे बघतात.”

मोगली आता तिच्या खोलीत आहे, उन्हापासून लांबच्या भिंतीवर. क्लासला येणारी मुलं विचारतात, हा झोपलाय का? मग ती फ्रेम उतरवते, स्क्रू काढते आणि त्यांना आधी मागची बाजू दाखवते.